चौतीस लिटरची टाकी

बर्मिंगहॅममध्ये लाँगब्रिज म्हटलं की मिनी. १९५९ पासून तिथल्या कारखान्यात ही गाडी बनायची. माझं गॅरेज तिथून जवळच, त्यामुळे जुन्या मिनी नेहमीच येतात. तरी डॉक्टरकाकांच्या १९६८ सालच्या मिनीचा दिवस विसरता येत नाही.

काका मूळचे सांगलीचे. काकूंना घेऊन उत्तर स्कॉटलंड फिरायचं त्यांच्या मनात होतं. गाडीची टाकी २५ लिटरची आणि तिकडे पेट्रोल पंप लांब लांब. "मिनीच्याच त्या वेगवान कूपर एस मॉडेलला उजवीकडे दुसरी टाकी असते ना, तशी बसव," म्हणाले. असते, १९६६ पासून कंपनीच बसवून द्यायची. पण त्यासाठी मागच्या उजव्या मडगार्डला भोक पाडावं लागतं. काकांच्या गाडीचा तो पत्रा मूळचा होता. वेल्डिंग नाही, पुट्टी नाही.

"काका, या पत्र्याला मी करवत लावणार नाही," मी सांगितलं. "नंतरच्या मिनींची ३४ लिटरची टाकी डावीकडेच, जुन्या जागी बसते. ती घालू."

मिनीची बॅटरीही डिकीतच, टाकीपासून हातभरावर. त्यामुळे आधी बॅटरी बाहेर, मग बाकीचं. बूच खालून उघडून पेट्रोल काढलं, शेवटी तांबूस गाळ आला. नव्या टाकीचं तोंड जुन्याच भोकातून नीट वर आलं. टाकी आवळायचा जुना पट्टा आखूड पडला म्हणून नवा केला. रबरी पाइप सगळे बदलले, कारण २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर खातं.

संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून ट्रायलला निघालो. पाच-सहा मैलांवर इंजिनाने झटके दिले आणि बंद पडलं. झाकण फिरवलं तर टाकीने फस्सकन हवा आत ओढली. चावी दिली, मागे इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप टिकटिकू लागला, गाडी लगेच चालू. पेट्रोल कमी होईल तशी आत हवा शिरायला एक बारीक नळी असते. डिकी उघडली. मी आवळलेल्या पट्ट्याखाली ती नळी पार चेमटली होती, कागदासारखी चपटी.

मी तिथेच रस्त्याकडेला उभा राहिलो. तिकडच्या एकपदरी रस्त्यावर, पावसात, ही दोघं म्हातारी माणसं अडकली असती तर? अंगावर काटा आला. नळी नवी घातली, पट्ट्यापासून लांबून फिरवली आणि दुसऱ्या दिवशी चाळीस मैल चालवल्यावरच गाडी त्यांच्या ताब्यात दिली.

काकांना झालेलं सगळं सांगितलं. म्हटलं, "टाकी भरली की दहा मैलांनी एकदा झाकण उघडून बघा. फस्स आवाज आला तर पुढे जाऊ नका, मला फोन करा."

चौथ्या दिवशी इनव्हरनेसहून फोन आला. काकू होत्या. "तीनदा उघडलं रे झाकण. काही आवाज नाही."