अंथरूण आखडलं, सेरेंगेटी गाठली

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं तेव्हा भावजींनी आधी एक शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर मधोमध उभी रेघ मारली, डावीकडे ‘लागणारच’ आणि उजवीकडे ‘हौस’ असं लिहिलं आणि वही माझ्या पुढ्यात सरकवली. “तू वाचलंयस ना सगळं? मग सांग, काय कुठल्या बाजूला टाकू.” पुढचे चार महिने आम्ही त्या वहीतच फिरत होतो. टांझानियात जेमतेम सहा दिवस होतो.

चौघं होतो: मी, माझा नवरा, ताई आणि भावजी.

माझी सुरुवातच चुकली. मी आधी लॉज बघत बसले. तंबूत बाथटब, बाथटबमधून दिसणारे हत्ती, असले फोटो. सफारी कंपन्यांना पत्रं धाडली, तर बहुतेकांनी एकच गोळाबेरीज आकडा पाठवला. त्यात काय आहे, काय नाही, याचा पत्ता नाही. भावजी म्हणाले, “फोड मागव.” फोड मागितल्यावर दोघातिघांनी उत्तरच दिलं नाही. सफारी जिथून निघतात त्या अरुशा शहरातल्या एका छोट्या कंपनीनं मात्र ओळीनं सगळं लिहून दिलं. तीच आम्ही धरली, आणि खरं तर त्या कागदानंच आम्हाला सफारीचा खर्च म्हणजे काय ते शिकवलं.

पहिला धक्का उद्यानांच्या शुल्काचा. सेरेंगेटीचं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला हंगामात ७० डॉलर, वर १८ टक्के व्हॅट, म्हणजे ८२.६० डॉलर, आणि तेही २४ तासांचे. वाटेतलं तरंगिरे उद्यान ५० अधिक व्हॅट, ५९. गोरोंगोरो ७०.८०. हा गोरोंगोरोचा आकडा आमच्या कागदावर दोनदा होता. मला वाटलं टंकताना चुकलंय. चूक नव्हती. अरुशाकडून सेरेंगेटीला जाणारा नेहमीचा रस्ताच गोरोंगोरोच्या संरक्षित क्षेत्रातून जातो, त्यामुळे जाताना नुसतं पार व्हायचं असलं तरी पैसे, आणि येताना पुन्हा. शिवाय तिथल्या प्रचंड ज्वालामुखी-विवरात उतरायचं तर गाडीमागे २५० डॉलर अधिक व्हॅट, म्हणजे २९५. सेरेंगेटीचे दोन दिवस धरून आणि विवराचे चौघांत वाटून भावजींनी बेरीज केली: माणशी ४३९.५५ डॉलर. “म्हणजे हे नुसते दारं उघडायचे,” ते म्हणाले. पाठ टेकायच्या जागेचे वेगळे.

दुसरी गोष्ट गाडीची. उघडणाऱ्या छताची लँड क्रूझर, चालक-गाईड आणि इंधन मिळून आम्हाला दिवसाला २५० डॉलर पडत होते. दोघंच गेलो असतो तरी तेवढेच. विवराचे २९५ सुद्धा गाडीवरच. चौघांत ते माणशी ७३.७५ होतात, दोघांत १४७.५०. ताई-भावजी सोबत येताहेत याचा मला आधी निव्वळ आनंद होता, वही पाहिल्यावर त्यात कृतज्ञता मिसळली. सहा जण असते तर आणखी स्वस्त, पण मग खिडकीवरून भांडणं. चार हा आकडा मला आजही बरोबर वाटतो.

महिना कुठला, यावर घरात खरी चर्चा झाली. नवऱ्याला नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे (बैलासारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप आणि मगरी पाहायच्या होत्या. त्यासाठी जुलै ते ऑक्टोबर हवं आणि मारा नदीपर्यंत जायला हवं. केनियाच्या मसाई मारात जुलै ते डिसेंबर दिवसाचे २०० डॉलर घेतात, आणि तो दिवस सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढाच. टांझानियाच्या बाजूनं कोगातेंदेला जायचं तर ते अगदी उत्तर टोक, म्हणजे गाडीचे दिवस वाढले. आणि एवढं करून कळप नदीकाठी नुसते उभे राहून माघारी फिरले तर? मी फेब्रुवारीच्या बाजूनं होते. तेव्हा कळप दक्षिणेच्या गवताळ पठारावर, नदुतूच्या आसपास असतात, आणि पिलं जन्मण्याचा तोच काळ. मार्च ते मेचा मोठा पाऊस अजून लांब. कळप वाटेवरच भेटतात, वेगळं कुठे जावं लागत नाही. नवरा दोन दिवस फुरंगटला, मग तयार झाला.

उरला मुक्काम. सेरेंगेटीच्या आतल्या लॉजवर राहिलात की खोलीच्या भाड्याखेरीज माणशी दर रात्रीचं वेगळं शुल्क उद्यानाला जातं. त्याऐवजी सार्वजनिक कॅम्पसाइटवर तंबू ठोकला तर ३० डॉलर अधिक व्हॅट, आणि खोलीचं भाडंच नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आम्ही पाय पसरायचे तेवढे पसरले आणि अंथरूणच आखडतं घेतलं. पहिली रात्र उद्यानाबाहेर कराटू गावात साध्या खोलीत, दोन रात्री सेरेंगेटीच्या मधोमध सेरोनेराला तंबूत, चौथी गोरोंगोरो विवराच्या कड्यावर पुन्हा तंबूत. बलूनची फेरी माणशी सहाशेच्या घरात होती. ती ‘हौस’मध्ये लिहिली गेली आणि त्याच दिवशी खोडली गेली. छोटं विमानही खोडलं. ताईला त्यात १५ किलोची मऊ बॅग चालते, चाकांची पेटी नाही, हे कळलं तेव्हा तिनंच पेन मागून घेतलं.

दिवस मात्र एकही कापला नाही. कापायचं ते झोपण्यातून, गाडीतल्या तासांतून नाही, हे माझं ठाम मत तेव्हाही होतं आणि आता जास्तच आहे. सेरोनेराच्या कॅम्पला कुंपण नाही. रात्री तरस ओरडत होते, आणि पहाटे सिंहाचा आवाज असा आला की तंबूचं कापड हलल्यासारखं वाटलं. स्वच्छतागृह पन्नास पावलांवर. भावजी रात्रभर गेले नाहीत. हे कुठल्याच बाथटबमधून मिळालं नसतं.

किरकोळ खर्च दिसतो तितका किरकोळ नसतो. व्हिसाचे ५० डॉलर माणशी. गाईडला बक्षिसी आम्ही चौघांत मिळून दिवसाला २० डॉलर धरली, स्वयंपाक्याला १०. ती वेगळ्या पाकिटात घालून ठेवली, नाहीतर शेवटच्या दिवशी हात आखडतो. फार जुन्या डॉलरच्या नोटा तिथे कुणी घेत नाही, नव्या छापाच्याच न्याव्यात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१९ पासून बंदी आहे, म्हणून सगळं कापडी पिशव्यांत भरलं. आणि निळे-काळे कपडे नकोत, त्सेत्से माशी त्या रंगांवर धावते. नवऱ्यानं नेमकी निळी जीन्स घातली होती. तरंगिरेत त्याचा पाय गाडीत थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेरेंगेटीच्या नाबी हिल फाटकावर पोचलो तोवर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कळपच कळप. एक पिलू इतकं ताजं होतं की अंगावरचा ओलावा वाळला नव्हता. काही मिनिटांत ते चार पायांवर लटपटत उभं राहिलं आणि चुकून आमच्या गाडीलाच आई समजून दोन पावलं आलं. नवऱ्यानं मगरींचं नाव पुन्हा काढलं नाही.

फाटकावर परवान्यावर वेळ पडली: १.५०. इथून ४८ तास. उशीर झाला तर चौघांचा आणखी एक दिवस, ३३०.४० डॉलर. भावजींनी ती वेळ वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिली.

चौथ्या दिवशी, निघायच्या तयारीत असताना, सेरोनेराजवळ एका सॉसेज ट्रीवर बिबट्या दिसला. दिसला म्हणजे शेपूट दिसली आणि एक लोंबता पाय. साडेअकरा वाजले होते. बारा झाले. शेपूट हलली. सव्वाबारा. गाईड म्हणाला, रस्ता खराब आहे, सव्वा तास तरी हवा. ताई म्हणाली, “उठेल आता.” भावजी वहीचा पुठ्ठा बघत होते. मी म्हटलं, चला.

नाबीला १.३० ला पोचलो. वीस मिनिटं हातात. तिथल्या निळ्या-केशरी साळुंक्या पायाशी चुरा टिपत होत्या, आम्ही उभे होतो आणि ताई काहीच बोलत नव्हती. मग म्हणाली, “वीस मिनिटं होती की गं.”

“रस्त्यात टायर फुटला असता तर?” भावजी.

“फुटला नाही ना.”

दुसऱ्या दिवशी विवरात काळा गेंडा दिसला, दूर, दुर्बिणीतून ठिपक्याएवढा. तळ्याकाठी डबे उघडले तर घारीनं भावजींच्या हातातलं अर्धं सँडविच झडप घालून नेलं. बिबट्या सोडून आल्यापासून ताई पहिल्यांदा मोकळी हसली. रात्री हिशेब लावताना तिनंच वही ओढून घेतली आणि ‘हौस’खाली लिहिलं: बिबट्या, वीस मिनिटं, येणे बाकी.