मालिका बघतं तरी कोण?

मालिका लिहिणाऱ्या कुणालाही लग्नाच्या पंगतीत हटकून विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘हे सगळं बघतं तरी कोण हो? आणि त्यात एवढं काय असतं?’ विचारणारा स्वतः अजिबात बघत नसतो. खलनायिकेचं नाव मात्र त्याला पाठ असतं आणि सध्या ती कुणाच्या दुधात काय मिसळतेय याचीही खबर असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण उत्तराची सुरुवात तुमच्यापासूनच होते.

आपल्याकडे बहुतेक घरांत टीव्ही एकच, तोही बाहेरच्या खोलीत. संध्याकाळी सात ते साडेदहा त्यावर काय लागणार हे एकदा ठरलं, की त्या खोलीतून ये-जा करणारा प्रत्येक जण प्रेक्षक होतो. बार्क ही संस्था २०१५ पासून या प्रेक्षकांची मोजदाद करते. निवडक घरांत मीटर बसवतात. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती ओळखतं आणि कुठली वाहिनी चालू आहे ते नोंदवतं. समोर कोण बसलंय हे मात्र माणसांनी सांगायचं असतं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण; बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. म्हणजे पेपर पुढे धरून ‘मी कुठे बघतोय’ म्हणणारे आजोबा बटण दाबून बसले असतील, तर ते अख्खा अर्धा तास मोजले जातात. आत पोळ्या लाटत प्रत्येक वाक्य ऐकणारी सून मोजणीत येत नाही. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात आणि आकडे पुढच्या गुरुवारी हातात पडतात. या धंद्यात गुरुवारी दुपारी कुणाकडे रजा मागायला जाऊ नये.

त्या न मोजल्या गेलेल्या सुनेसाठी मालिका लिहिली जाते. ‘रिकामटेकड्या बायका बघतात’ हा समज उलटा करून घ्यायला हवा. सलग तीन तास मोकळे असणारा माणूस सिनेमा बघतो, हल्ली वेबसिरीज बघतो. मालिकेचा पक्का प्रेक्षक म्हणजे ज्याचे हात कामात आहेत तो: कुकर लावणारी, मुलांचा अभ्यास घेणारी, कपड्यांच्या घड्या घालणारी, दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला, आजारी माणसाच्या उशाशी बसलेला. त्याला बावीस मिनिटांतली दहाच नीट मिळतात, तीही तुकड्यातुकड्यांत. मालिकेच्या ज्या गोष्टींना आपण हसतो, त्यातल्या बऱ्याचशा या दहा मिनिटांच्या हिशोबातून आल्या आहेत.

बावीस मिनिटं कुठून आली? नियमाने तासाला बारा मिनिटं जाहिराती चालतात, त्यात वाहिनीच्या स्वतःच्याही आल्या. म्हणजे अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये गोष्टीला साधारण बावीस ते चोवीस मिनिटं उरतात. सुरुवातीला ‘मागील भागात’, मग शीर्षकगीत, पाच-सहा सीन, मधे ब्रेक, शेवटी उद्याची झलक. प्रत्येक ब्रेकआधी एक हुक लागतो: दार उघडतं, फोन वाजतो, कुणीतरी मागे उभं राहून सगळं ऐकलेलं असतं. आतल्या बाईला ब्रेकमध्ये गॅस बंद करून बाहेर यायचं आहे. तिला बाहेर येण्यासारखं काहीतरी द्यावं लागतं.

संवाद कानासाठी लिहिलेले असतात. म्हणून पात्रं एकमेकांना सारखी नावाने किंवा नात्याने हाक मारतात. ‘वहिनी, तुम्ही माईंना सांगितलंत?’ या एका वाक्यात कोण बोलतंय, कुणाशी आणि कुणाबद्दल, हे पाठमोऱ्या माणसालाही कळतं. मनातले विचार मोठ्याने ऐकवले जातात, कारण चेहरा स्वयंपाकघरात ऐकू जात नाही. खलनायिकेला तिची ठरलेली धून देतात तीही याचसाठी. ती वाजली की मान न वळवता समजतं, बाई आल्या. पुनरुक्तीचंही तसंच. एक बातमी किमान तीनदा सांगितली जाते: जिला सापडते तिच्या तोंडून, ती जिला सांगते तिच्यापुढे आणि मग सगळ्यांसमोर. मंगळवार चुकला तर बुधवारी भरपाई होते.

आता चार-चार चेहऱ्यांवरून संथ फिरणारा कॅमेरा. याचं कारण एवढं उदात्त नाही. रोज एक भाग तयार करायचा असतो आणि न लिहिता, न बोलता अर्धं मिनिट भरून काढण्याची ती सोय आहे. लिहून झालेलं पान दिवसअखेर कमी पडलं, की दिग्दर्शक प्रतिक्रियांचे शॉट लांबवतो. प्रेक्षकाला हे कळतं, आणि तो तेवढ्यात भाजीला फोडणी घालून येतो.

हे झालं ‘कसं बघतात’. ‘का बघतात’ याचं उत्तर माझ्या मते एका साध्या गोष्टीत आहे: घरात बातमी कुणाला कोणत्या क्रमाने कळते. एकत्र कुटुंबात हाच मानाचा हिशोब असतो. सुनेला दिवस गेलेत हे आधी सासूला कळलं की माहेरी, जमीन विकायचं ठरलं ते थोरल्याला विचारून की परस्पर, ‘मला सगळ्यात शेवटी सांगितलंत’ या वाक्याने किती दिवाळ्या कडू झाल्या असतील! मालिकेच्या एका भागात घटना एकच असते, पण घरातल्या आठ माणसांच्या आठ नात्यांमधून ती जाते. बाहेरच्याला वाटतं काहीच घडत नाही. आतल्याला ती बातमी एकेक पायरी चढताना दिसते, आणि कोणत्या पायरीवर स्फोट होणार याचा अंदाज तो बांधत असतो. म्हणून लिहिताना पहिला नियम असा, की गुपित प्रेक्षकाला आधी कळलं पाहिजे, पात्रांना नंतर. शेवटपर्यंत लपवलेलं रहस्य अर्ध्या लक्षाने बघणाऱ्याच्या हाती लागत नाही. आधीच माहीत असलेलं गुपित मात्र तो पोळ्या लाटतानाही सांभाळू शकतो.

परदेशातही हेच दिसलं आहे. १९८०च्या दशकात नेदरलँड्समध्ये एका संशोधिकेने महिलांच्या मासिकात जाहिरात देऊन ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेच्या प्रेक्षकांकडून पत्रं मागवली. आली अवघी ४२. त्यांतून दिसलं ते असं, की तेलवाल्या अब्जाधीशांचा वाडा लोकांना खरा वाटत नव्हता. त्यातली भांडणं आणि दुखावलेपण खरं वाटत होतं. आपल्या मालिकांतल्या बायका पहाटे दागिने घालून चहा करतात, हे बघणारीला आपल्याइतकंच दिसतं. ती मालिकेतल्या नवऱ्याच्या उत्तराकडे लक्ष ठेवून असते.

‘आई कुठे काय करते’ स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२४ च्या अखेरीपर्यंत चालली. मूळ गोष्ट बंगाली, ‘श्रीमोयी’. त्याच गोष्टीवरून २०२० मध्ये हिंदीत ‘अनुपमा’ आली. घरासाठी राबणारी, जिच्या कामाला घर काम मानतच नाही अशी बाई सगळ्या भाषांत आहे. पण गोष्ट उचलून आणताना बिघडतं ते नात्यांच्या कंगोऱ्यांत. दक्षिणेतल्या मालिकेत मामाशी लग्न ठरतं, तो पेच इथे बसत नाही. हिंदीतला करवा चौथ वटपौर्णिमेत बदलताना तारीखच नव्हे, तर उपास कोण कुणाला सोडायला सांगतं हेही बदलतं. कुणाला ‘अहो’, कुणाला ‘अरे’, आणि ‘अहो’चं ‘अरे’ कोणत्या भांडणात होतं, यावर संवादलेखकाने एक सकाळ घालवली नाही तर गोष्ट अनुवादाचा वास मारते. तो वास घरच्या म्हाताऱ्या माणसांना सर्वात आधी येतो.

मालिकेची भूगोलात झालेली सरकही बघण्यासारखी आहे. ‘दामिनी’ दूरदर्शनवर दुपारी लागायची. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आजची झी मराठी) आली, पुढे ईटीव्हीवर ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ अशी तीन हजारांहून जास्त भाग चालली. घरं बहुतेक मुंबई-पुण्याच्या वळणाची. ऑक्टोबर २०१५ पासून बार्कचे आकडे ग्रामीण घरांसह येऊ लागले. २०१६ मध्ये कोल्हापूरची ‘तुझ्यात जीव रंगला’, नागपुरी बोलणारी राधिका घेऊन ‘माझ्या नवऱ्याची बायको’ आणि सिंधुदुर्गातल्या आकेरीत चित्रित झालेली, मालवणी बोलणारी ‘रात्रीस खेळ चाले’. २०१७ मध्ये साताऱ्याकडची ‘लागिरं झालं जी’. मला हा योगायोग वाटत नाही. मोजलं जाऊ लागलं तिकडे गोष्ट गेली.

मालिकेला सिनेमावर मात करता येते ती पंचांगाच्या जोरावर. तुमच्याकडे गौरी बसतात त्याच आठवड्यात त्यांच्याकडेही बसतात. मंगळागौर, नवरात्र, दिवाळी, संक्रांतीचं हळदीकुंकू सगळं बरोबरीने. ते जमतं कारण चित्रीकरण प्रसारणाच्या जेमतेम पुढे असतं. तयार भागांच्या साठ्याला बँक म्हणतात. आठवड्याची बँक म्हणजे चैन. दोन-तीन दिवसांची असली की कुणी तक्रार करत नाही. सकाळी चित्रित केलेलं रात्री दाखवायची वेळही येते. यात धोका उघड आहे. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली आणि बँका संपल्यावर जुने भाग लावावे लागले. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली तेव्हा युनिटं गोवा, दमण, सिल्वासाला गेली, मे महिन्यात गोव्यातही थांबली.

फसतं कुठे? बहुतेकदा गुपितात. गुपित टिकवण्यासाठी नायकाला मूर्ख ठरवावं लागलं, की समजावं मुदत संपली. पुरावा हातात असलेली व्यक्ती तीन भाग ‘मला काहीतरी सांगायचंय’ एवढंच म्हणत राहिली, तर आजीसुद्धा रिमोटकडे हात नेते. दुसरं फसतं ते काळात. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीच्या लांबलेल्या बाळंतपणावर अख्ख्या महाराष्ट्राने विनोद केले, कारण नऊ महिन्यांचं गणित प्रत्येक घराला येतं. (त्याच जान्हवीचं मंगळसूत्र सराफांकडे नावाने मागितलं जात होतं, हेही लक्षात घ्या.) लीप घेतली, म्हणजे गोष्टीने एकदम काही वर्षं पुढे उडी मारली, की जुना प्रेक्षक थोडा गळतोच, मुलं मोठी होतात, सासू तेवढीच राहते. कलाकार बदलला तर तीन-चार आठवडे तग धरावा लागतो. सर्वांत महागात पडतं ते वेळ बदलणं: साडेआठची मालिका सातला आणली, की तिची बाई त्या वेळी बसमध्ये असते. ती भाग दुसऱ्या दिवशी फोनवर बघेल, पण तिचं ते बघणं गुरुवारच्या टीव्हीच्या आकड्यात दिसणार नाही.

‘याने समाज बिघडतो’ हा तुमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कटकारस्थानं आणि सोशिकपणाचं कौतुक यांबद्दल माझीही तक्रार आहे. पण दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तामिळनाडू, दिल्ली आणि आपल्या शेजारच्या गोव्यातल्या घरांचा मागोवा घेतला. ज्या गावांत त्या काळात नव्याने केबल आली, तिथे ‘नवऱ्याने मारलं तर चालतं’ म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. मालिकावाल्यांनी याचं श्रेय घेऊ नये. सुना कितीही छळल्या जात असल्या, तरी पडद्यावरच्या बायका शहरात एकट्या फिरत होत्या, नोकरी करत होत्या, मोजकी मुलं वाढवत होत्या. एवढं दिसणंही बहुधा पुरलं असावं.

आणि ‘संपवत का नाहीत?’ कारण नवी मालिका म्हणजे नवा सेट, नवे प्रोमो आणि नव्या घराची नाती प्रेक्षकाला पाठ होईपर्यंतचे तोट्याचे आठवडे. जुन्या घराचा खर्च कधीच वसूल झालेला असतो. आकडा सलग घसरला की वाहिनी निरोप देते, आणि हातात जेमतेम काही आठवडे उरतात. तेवढ्यात दोन वर्षं ताणलेलं गुपित फोडायचं, हरवलेला भाऊ आणायचा, खलनायिकेला पश्चात्ताप नाहीतर पोलीस यांपैकी एक द्यायचं, आणि सेट पुढच्या युनिटसाठी रिकामा करायचा. शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो, कारण तो घाईतच उरकलेला असतो.