दोन लाइन, एकच डक्ट

ऑडिटर येतात तेव्हा विचारतात : पॅच (सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींवरच्या दुरुस्त्या) कधी लावले, लॉग (यंत्रणेत काय घडलं त्याच्या नोंदी) किती दिवस ठेवता, पासवर्ड पॉलिसी कुठे आहे. प्रश्न योग्यच आहेत. पण इंटरनेटची केबल इमारतीत कुठून शिरते, हे फारसं कोणी विचारत नाही. नेटवर्क सांभाळणारी म्हणून मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या की कागदावर पर्यायी व्यवस्था झाली. प्रत्यक्षात दोन्ही केबल रस्त्याखालच्या एकाच डक्टमधून, म्हणजे केबलच्या नळीतून, येत असतील तर जेसीबीचा एक फटका दोन्हींना पुरतो. म्हणून मी प्रोव्हायडरकडे केबलचा मार्ग नकाशावर मागते, आणि मिळेपर्यंत मागत राहते. मार्ग वेगळे निघाले तरी मुख्य लाइन मुद्दाम काढून बघावी लागतेच. कारण पर्याय म्हणून घाईत जोडलेल्या फोर-जी राउटरला मुख्य लाइनसारखे फायरवॉलचे (नको ती ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेचे) नियम अनेकदा लावलेले नसतात. नेट चालू राहतं, पण दार सताड उघडं.

कॅनडात 8 जुलै 2022 रोजी रॉजर्स कंपनीचं नेटवर्क कोसळलं. एक कोटीहून अधिक ग्राहकांचे फोन-इंटरनेट गेले, दुकानांत डेबिट कार्ड चालेनात. हल्ला नव्हता, नेटवर्कच्या अपग्रेडमधली चूक होती. पण दुरुस्तीसाठी आत शिरायची वाटही त्याच नेटवर्कवरून जात होती आणि इंजिनिअरांचे स्वतःचे फोनही बंद पडले. तेव्हापासून माझा आग्रह आहे : राउटरपर्यंत पोहोचायला वेगळी वाट हवी आणि टीममधल्या काहींकडे दुसऱ्या कंपनीचं सिम.

आता हल्ला झालाय असं धरा. युरोपात जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यानुसार वैयक्तिक डेटा फुटल्याचं कळल्यापासून 72 तासांत नियामकाला कळवायचं. भारतात सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेला, 6 तासांत. रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) पसरू नये म्हणून तुम्ही नेटवर्क तोडता, ते तोडायलाच हवं. पण त्याबरोबर मेल जातो, लॉगिन जातं, ‘घटना घडल्यास काय करावे’ ही फाइलही जाते, कारण ती शेअर्ड ड्राइव्हवर आहे. मग कळवायचं कशावरून, आणि लॉग कुठून आणायचे? सुरक्षा एका विभागाकडे, कम्प्लायन्स म्हणजे नियमपालन कायदा विभागाकडे, लाइनचं बिल भलत्याच बजेटमध्ये. हा प्रश्न कोणाच्याच टेबलावर येत नाही.

2017 च्या नॉटपेट्या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जवळपास सगळे डोमेन कंट्रोलर (कोणाला लॉगिन द्यायचं ते ठरवणारे सर्व्हर) पुसले गेले. घानातला एक वाचला, तिथे वीज गेल्यामुळे तो नेटवर्कवर नव्हता म्हणून. पण तिथली लाइन इतकी मंद की डेटा दुरुस्ती चालू होती त्या ब्रिटनला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. शेवटी घानाच्या कर्मचाऱ्याने नायजेरियाच्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती हार्ड डिस्क दिली आणि ती विमानाने पोहोचली.

बॅकअप आहे का, हे सगळेच विचारतात. तो तुमच्या लाइनवरून परत आणायला किती तास लागतील, हे मोजून बघा. आणि तो आकडा कायद्याने दिलेल्या मुदतीशेजारी लिहून तिन्ही विभागांच्या बैठकीत ठेवा.