रानभर बांध

मंगळवारी पॅथॉलॉजीत ग्रॉसिंगला, म्हणजे ऑपरेशनमधून आलेले तुकडे कापून बघायला बसले आणि डबीतल्या तुकड्यांवर सुरी चालेना. स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेवर (क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस) फ्रे ऑपरेशन करतात, त्यात स्वादुपिंडाच्या डोक्याकडचा भाग कोरून काढतात, त्यातले ते तुकडे. फॉर्मलिनमध्ये कुठलाही अवयव थोडा घट्ट होतोच, पण हे पांढरंफटक, चिवट होतं आणि सुरीखाली कचकच वाजत होतं. स्वादुपिंडाच्या नळीतले खडे. तुकडे आधी डिकॅलला, म्हणजे कॅल्शियम विरघळवणाऱ्या द्रावणात टाकावे लागले.

फॉर्मवर वय होतं २४. दारू, तंबाखू : नाही.

शुक्रवारी मॅसन ट्रायक्रोमची स्लाइड लावली. या स्टेनमध्ये कोलॅजन, म्हणजे व्रणातलं चिवट तंतूंचं प्रथिन, निळं दिसतं. सगळं फील्ड निळं होतं. पाचक रस बनवणाऱ्या पेशींचे पुंजके मधेमधे बेटांसारखे उरलेले, आणि त्या निळाईत जाडजूड झालेल्या, वेदना वाहून नेणाऱ्या नसा. पोराच्या पोटात किती दुखलं असेल, ते त्या नसांकडे बघून कळत होतं.

शनिवारी रिपोर्ट न्यायला वडील आले. सर्जननी त्यांना माझ्याकडेच पाठवलं होतं. खुर्चीच्या कडेला टेकून त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, यात दारू दिसती का? गावात म्हणत्यात, पोरगं चोरून पीत असणार."

"नाही दिसत, काका. दारूमुळे झालेला व्रण आणि दारूशिवाय झालेला, शेवटी सारखेच दिसतात." त्यांना हवं होतं ते उत्तर मला देता येत नव्हतं, आणि खोटा धीर द्यायचा नव्हता. पण आपल्याकडे दारूला न शिवलेल्या कितीतरी तरुणांना हा आजार होतो, बऱ्याच जणांत स्पिंक१ या जनुकात बदल सापडतो, हे सांगितलं. सर्जननी तीच तपासणी लिहून दिली होती.

मग त्यांना मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. शेतकरी माणूस, म्हणून शेतातलंच बोलले. स्वादुपिंडात ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. १९९८ मध्ये सिडनी आणि जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी त्या वेगळ्या काढून दाखवल्या. एरवी त्या 'अ' जीवनसत्त्वाचे थेंब पोटात घेऊन गप्प असतात. इजा झाली की वाढघटक, म्हणजे पेशींना निरोप देणारी प्रथिनं, त्यांना कामाला लावतात. पीडीजीएफ म्हणजे मजूर वाढवणारा मुकादम, टीजीएफ-बीटा म्हणजे दगड रचून घेणारा. फुटलेला बांध घालून झाला की दोघांनी थांबायचं. पण इजा पुन्हा पुन्हा होत राहिली तर या पेशी स्वतःच टीजीएफ-बीटा बनवायला लागतात. मजूरच मुकादम होतात, आणि रानभर बांधच बांध.

"म्हणजे पेरायला जागाच न्हाई," ते म्हणाले. डोळा तसाच भिंगाला लावलेला.

हेच. जेवण पचायला रस नाही, पुढे साखरेचाही त्रास. इतक्या नेमक्या शब्दांत हे मला एकाही विद्यार्थ्याने सांगितलेलं नाही.

"मुकादमाला काढून टाकायचं औषध?"

प्राण्यांवरच्या प्रयोगांत टीजीएफ-बीटा अडवला की व्रण कमी झालेला दिसतो. पण तोच टीजीएफ-बीटा शरीरात इतरत्र प्रतिकारशक्तीला आवर घालतो, निरोगी पेशींची वाढ ताब्यात ठेवतो. सरसकट बंद केला तर भलतंच व्हायचं. रोग्याला हातात देता येईल असं व्रण विरघळवणारं औषध अजून नाही. ऑपरेशननं दुखणं बरंच कमी होईल, एन्झाइमच्या गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या, साखर तपासत राहायची. आणि तंबाखू, दारू कधीच नाही. यानं नसेल घेतली, तरी पुढेही नाही. हे मी दोनदा सांगितलं.

ते बराच वेळ गप्प बसले.

"दोन वर्सं पोट धरून बसायचा. मी विचारलंच न्हाई मॅडम. पिऊन आलाय म्हणून मारलं."

काय बोलावं ते मला सुचलं नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. टोपी हातात घेऊन उठले आणि वॉर्डाच्या जिन्याकडे भराभर चालत गेले.

रिपोर्टचं पाकीट टेबलावरच राहिलं होतं. ते घेऊन मी त्यांच्या मागे वर गेले.