निळा पडदा आणि हळदीची भुकटी

सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत. शेतकरी समोर उभा, पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती) निघणार, तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडून पडदा निळा. आठवड्यात सहा वेळा! पहाटे गाडी भरून आलेल्या माणसाला थांबवताना जीव तुटायचा. विंडोज नव्याने टाकली, फरक शून्य. मग निळ्या पडद्यावरचा स्टॉप कोड (बिघाडाचं नाव) नीट वाचला: मेमरी मॅनेजमेंट. संशय रॅमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या चालू कामाच्या मेमरीवर. विंडोजमधलंच मेमरी तपासणारं विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवलं, दोष निघालाच. वायर काढून कॅबिनेट उघडलं, तर आत सगळीकडे पिवळी भुकटी. ब्रशने झाडली, रॅमची सोनेरी टोकं खोडरबराने हलकेच पुसली आणि एकेक रॅम लावून तपासली. दुसरी खराबच होती, काढून टाकली. आता एका ४ जीबी रॅमवर जरा सावकाश चालतंय, पण शनिवारपासून एकही पट्टी अडलेली नाही.