कोळसाच तो, मग जळत कसा नाही?

कार्बन फायबरवर, म्हणजे कार्बनच्या बारीक धाग्यांवर, सिरॅमिकचा लेप चढवणं हे माझं काम, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कार्बन म्हणजे कोळसाच ना? मग तो रॉकेटमध्ये जळत कसा नाही?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: जळतो. उघड्या हवेत साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या आसपासच हे धागे झिजू लागतात. ना धूर, ना ज्वाळा. तुकडा भट्टीतून काढून तराजूवर ठेवला की वजन घटलेलं दिसतं. हवा नसेल तर मात्र तोच धागा २००० अंशांतही ताकद सोडत नाही. म्हणजे त्याचं खरं वैर ऑक्सिजनशी. गावाकडे रात्री निखारे राखेखाली पुरून ठेवत आणि सकाळी त्यांवरच चूल पेटवत. आमचा लेप त्या राखेचंच काम करतो.

लेप बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे सिलिकॉन आणि कार्बन यांच्या संयुगाचा. तो तापला की वर सिलिकाची, म्हणजे काचेची, पातळ साय धरते आणि हवा अडते. इथवर सोपं. अडचण येते निवताना. लेप चढतो हजार अंशांच्या घरात. निवताना तो आकसतो, आतला धागा जवळजवळ आकसतच नाही, आणि लेपाला बारीक भेगा पडतात. पुन्हा खूप तापवला की त्या मिटतात. म्हणून मला कमाल तापमानापेक्षा मधल्या पट्ट्याची, ६०० ते १००० अंशांची, धास्ती जास्त. तिथे भेगा उघड्या असतात, सिलिका पाझरण्याइतकी मऊ झालेली नसते. वरून लेप शाबूत दिसतो आणि आत कार्बन पोखरलेला असतो.

यावर मला सगळ्यात आवडणारा उपाय बोरॉनचा. त्याचं ऑक्साइड साधारण ४५० अंशांतच वितळतं, भेगेत शिरतं आणि ती लिंपून टाकतं. (दमट हवेत ते टिकत नाही, हे दुखणं आहेच.) स्पेस शटलच्या पंखांच्या कडाही अशाच लेप दिलेल्या कार्बनच्या; त्यांच्या भेगांत सोडियम सिलिकेटची काच भरलेली असे, उड्डाणागणिक ती कमी होई आणि पुन्हा भरावी लागे.

२०२४ मध्ये इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बनच्या (कार्बनमध्येच बसवलेल्या कार्बन धाग्यांच्या) नोझलची, म्हणजे तापलेला वायू बाहेर सोडणाऱ्या तोंडाची, चाचणी घेतली. त्यावरही सिलिकॉन कार्बाइडचाच लेप. नोझल हलकं झाल्याने रॉकेटला १५ किलो जास्त भार नेता येईल, ही बातमी सगळ्यांनी वाचली. माझी नजर खिळली चाचणीच्या तापमानावर: २०० सेकंद, १२१६ केल्विनपर्यंत. म्हणजे ९४३ अंश. नेमका तोच मधला पट्टा.