कोयंड्याला कोयंडा का म्हणायचे, तुम्ही विचारलंत म्हणून

"सुईच्या भोकाला भोक म्हटले तर काय बिघडते?" हा प्रश्न मला पुण्याहून येणारे नातेवाईक विचारतात, इथल्या, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या शेजारणी विचारतात आणि भाचेमंडळी तर हसत हसत विचारतात. सुईला नेढे असते, भोवऱ्याला आर, म्हणजे टोकाचा खिळा, असते, त्याला गुंडाळायच्या दोरीला जाळी म्हणतात आणि चुलीच्या बाजूच्या लहान तोंडाला वैल, हे शब्द माझ्या बोलण्यात सहज येतात. समोरच्याला कळले नाही तर मी अर्थही सांगते. त्यावर "आता हे कोण वापरते?" हे ठरलेले वाक्य ऐकून घ्यावे लागते. आजवर मी विषय बदलत आले. आता एकदाच सविस्तर लिहिते.

पूर्वी माझे उत्तर तयार असे: शब्द गेले की भाषा गरीब होते. त्या उत्तरावर माझा आता तितकासा विश्वास राहिलेला नाही. हे शब्द मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात आणि दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात सुखरूप आहेत. आमच्या बडोद्यात तर सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांमधला कोश करवून १९३१ साली प्रसिद्ध केला. शब्द जपण्याची हौस या शहराला नवी नाही. शिवाय भाषेत भरही पडतच असते. नेढे गेले तर चार्जरची पिन आली. मात्र पिन हा शब्द टाचणीपासून विजेच्या प्लगपर्यंत कशालाही चालतो आणि नेढे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सुईच येते, असे माझे जुने मन लगेच म्हणते, आणि त्याला गप्प करण्याइतके सबळ उत्तर माझ्याजवळ नाही.

खरे कारण आईच्या आजारपणातले आहे आणि ते मी आजवर घराबाहेर सांगितलेले नाही.

आईला मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणे विसकटले. बहुतेक माणसांची वाचा डाव्या बाजूलाच असते, त्यामुळे डॉक्टरांना याचे आश्चर्य वाटले नाही. काही दिवसांनी रुग्णालयातल्या स्पीच थेरपिस्ट बाई चित्रांची कार्डे घेऊन आल्या. चित्र दाखवायचे आणि नाव विचारायचे, अशी ती चाचणी होती. बाई गुजराती होत्या, हिंदीत विचारत होत्या आणि आई मराठीत उत्तरे देत होती. सुईचे चित्र पाहून आई बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "नेढे." भोवऱ्याला म्हणाली, "आर." कुलपाचे चित्र आले तेव्हा तिने डाव्या हाताचे बोट कार्डावर टेकवले आणि अगदी स्पष्ट उच्चारात म्हणाली, "कोयंडा."

मी कागदाकडे पाहिले. तिन्ही उत्तरांपुढे बाईंनी 'अर्थहीन शब्द' असे लिहिले होते.

ज्यांना कोयंडा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दाराच्या चौकटीत एक वाकवलेली सळई ठोकतात, तिची दोन्ही टोके लाकडातून आरपार काढून आतल्या अंगाने वळवतात, बाहेर राहिलेल्या कमानीवर कडी बसते आणि त्या कमानीतून कुलूप ओवले जाते. कुलूप कितीही भारी असले तरी दार टिकते ते कोयंड्यावर. म्हणूनच चोर कुलपाच्या वाटेला न जाता कोयंडा उचकटतात, आणि मराठी वर्तमानपत्रांत 'कडी-कोयंडा तोडून' ही शब्दजोडी आजही नेहमी छापून येते. गुजरातीत त्यालाच नकूचो म्हणतात. तो शब्द बाईंच्या घरातही असणार.

मी तिथेच बोलले, आणि जरा चढ्या आवाजात बोलले, की हे शब्द खरे आहेत. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले, शेरा खोडला आणि 'संबंधित शब्द' असे लिहिले. हा फरक लहान नाही. ज्याच्या तोंडून नसलेले शब्द येतात त्या रोग्याचे निदान वेगळ्या दिशेने जाते, तर जवळचा शब्द सापडणाऱ्या रोग्याची वाट निराळी असते. पुढे मी वाचले की अशा आजारात सहसा क्वचित वापरातले शब्द आधी निसटतात, आणि बालपणी शिकलेले शब्द जास्त तग धरतात. जगाच्या हिशेबात नेढे हा क्वचितचा शब्द. आईला तो बहुधा अक्षरओळखीच्याही आधी येत होता. कोणता शब्द क्वचितचा, हे छापील मजकूर मोजून ठरवणाऱ्याला आईचे स्वयंपाकघर आणि अंगण कसे दिसणार?

पण बाईंनी नंतर मला विचारले, "मग त्यांनी सुई, भोवरा, कुलूप हे शब्द का म्हटले नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही आणि आजही देता येत नाही. आई चित्रातला नेमका भाग सांगत होती की पूर्ण वस्तूचे नाव हरवल्यामुळे शेजारचा शब्द तिच्या हाती लागत होता? पहिले खरे असेल तर ती आमच्यापेक्षा बारकाईने पाहत होती. दुसरे खरे असेल तर मी भांडून तिच्या आजाराचे एक लक्षण पुसट करून घेतले. ती आता नाही, त्यामुळे तिला विचारण्याची सोयही उरलेली नाही.

तेव्हा "कोण वापरते?" असे मला विचारू नका. ज्या माणसाजवळ बोलायला थोडेच शब्द उरले होते त्याने ते वापरले, आणि त्या खोलीत ते ओळखणारे मी आणि माझा भाऊ सोडून कोणी नव्हते. म्हणून मी भाच्यांना हे शब्द ऐकवते, त्यांना कंटाळा आला तरी ऐकवते. यात थोडा हट्ट आहे, हे मला मान्य आहे.

भावाला मात्र माझे म्हणणे पटत नाही. त्याच्या मते आईचे बोट कार्डावर नुसते टेकले होते, कारण डावा हात तिच्या सवयीचा नव्हता. आणि चित्रात दार किंवा कडी काहीच नव्हते, सुटे कुलूप होते. मला मात्र कडीत अडकवलेले कुलूप आठवते आणि कमानीवर टेकलेले तिचे नख आठवते. आम्ही ते कार्ड पुन्हा पाहायला मागितले होते; तोपर्यंत तिथली कार्डे बदललेली होती.